नवशिक्याने स्कायडायव्हिंगचा जुना संच विकत घ्यावा का?

पाखरू_मुलुंड

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात हरियाणातील नारनौलच्या धावपट्टीवर टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून घेऊन) मारली आणि तेव्हापासून हा खेळ स्वतंत्रपणे शिकण्याचे मनात आहे. येत्या डिसेंबरात थायलंडमध्ये, पट्टायाजवळच्या सी राचा येथे एएफएफ (प्रशिक्षकांसोबत मुक्त पतन शिकवणारा) अभ्यासक्रम करण्याचे जवळपास ठरले आहे. त्यापुढे युएसपीए या अमेरिकी संघटनेच्या 'अ' परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात, त्या दोन टप्प्यांत पूर्ण करीन.

प्रश्न साहित्याचा आहे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ आखातातील नोकरी संपवून परतले असून आपला संपूर्ण संच नव्याच्या साधारण पाव किमतीत विकत आहेत. मुख्य पॅराशूट १३५ चौरस फुटांचे, राखीव १२६ चौरस फुटांचे, कंटेनर (पॅराशूट भरायची पाठपिशवी) आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) त्यांच्या मापाचे, म्हणजे पाच फूट अकरा इंच उंचीच्या माणसाचे. सोबत सायप्रेस २ हे एएडी, म्हणजे ऐन वेळी राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र आहे आणि त्याचे उत्पादन वर्ष २०१२ आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५८ किलो. त्यांचे म्हणणे असे की, मी वजनाने हलकी असल्यामुळे मला छोटे पॅराशूट चालेल, आणि भाड्यावर खर्च करण्यापेक्षा सुरुवातीपासून आपल्याच संचावर शिकलेले बरे. जाणकारांनी कृपया सविस्तर मत द्यावे.

गिरणगावकर

आम्ही करी रोडच्या पुलावरून खाली पाहिले तरी कठडा घट्ट धरतो. तरीही धागा वाचणार. जागा धरून ठेवतो.

ठाण्याची_घार

विक्रेत्याने माहिती लपवलेली नाही, हे चांगले आहे. त्या माहितीच्याच आधारे माझे उत्तर नकाराचे आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ म्हणजे विमानाच्या दारातून पडणे वाटते. तेरा हजार फुटांवरून निघाल्यावर मुक्त पतन जेमतेम मिनिटभराचे असते. त्यानंतरची पाच-सहा मिनिटे तुम्ही एक वाहन चालवत असता, त्याला इंजिन नसते आणि उतरण्याची संधी एकदाच मिळते. पाय मोडतात ते बहुतेक याच टप्प्यात, आणि तेही पॅराशूट व्यवस्थित उघडलेले असताना: जमिनीलगत उशिरा घेतलेले वळण, चुकीच्या उंचीवर ओढलेला फ्लेअर (उतरताना वेग कमी करण्यासाठी दोन्ही ब्रेक ओढणे), वाऱ्याची दिशा न ओळखणे. प्रशिक्षण केंद्रे विद्यार्थ्यांना २२० ते २८० चौरस फुटांची मोठी पॅराशूट देतात, कारण ती सावकाश वळतात आणि हाताळणाऱ्याच्या चुका बऱ्याच प्रमाणात पोटात घालतात. तिथून थेट १३५ वर जाणे म्हणजे शिकण्याच्या मधल्या सगळ्या पायऱ्या गाळणे होय.

घड्याळासारखे मनगटावर बांधायचे अल्टिमीटर (उंचीमापक), टणक हेल्मेट आणि चांगला गॉगल एवढे आता घ्या. चष्मा वापरत असाल तर त्यावर बसणारा गॉगल इथूनच शोधून न्या. बाकी सगळे भाड्याने.

पार्लेकर_मास्तर

आकडेमोड करून टाकतो, म्हणजे चर्चेला आधार राहील. विंग लोडिंग म्हणजे साहित्यासह उडी मारणाऱ्याचे एकूण वजन पौंडांत मोजून त्याला पॅराशूटच्या चौरस फुटांनी भागायचे. ५८ किलोत संच, हेल्मेट, कपडे असे ११ किलो मिळवले तर ६९ किलो, म्हणजे साधारण १५२ पौंड. १३५ ने भागल्यास १.१३ येते. १७० चे पॅराशूट घेतले तर ०.८९, १९० ला ०.८० आणि विद्यार्थ्यांच्या २३० ला ०.६६. युएसपीएची नवशिक्यांसाठीची शिफारस १.० च्या आत राहण्याची आहे. राखीव पॅराशूटचेही गणित करा: १५२ भागिले १२६, म्हणजे १.२१. हा आकडा मला अधिक चिंताजनक वाटतो.

नभोवासी

मी थोडा वेगळा सूर लावतो. भाड्याच्या संचाची एवढी भलामण कशासाठी? दर फेरीला वेगळा संच हाती येतो, हार्नेस अंगाला नीट बसत नाही, एका संचात पायलट च्यूटची (मुख्य पॅराशूट बाहेर खेचणाऱ्या छोट्या छत्रीची) मूठ सहज निघते तर दुसऱ्यात ताकद लावावी लागते. आणीबाणीच्या क्षणी हात सवयीने योग्य जागी जायला हवा, आणि ही सवय स्वतःच्या संचावरच लागते. वापरलेला संच परवाना मिळताच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. १.१३ हा आकडाही काही आकाश कोसळण्याइतका नाही. त्याहून अधिक भाराने उतरणारे कितीतरी जण मी पाहतो.

ठाण्याची_घार

@नभोवासी, सवयीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. लाल मूठ ओढून मुख्य पॅराशूट सोडायचे आणि मग चंदेरी मूठ ओढून राखीव उघडायचे, हा क्रम हातात मुरावा लागतो. परंतु आपण मांडत आहात तो 'स्वतःचा संच' घेण्याचा युक्तिवाद आहे, 'हा संच' घेण्याचा नाही.

१.१३ बद्दलही एक गोष्ट सुटते. सारख्याच विंग लोडिंगची दोन पॅराशूट सारखी वागत नाहीत. आकार लहान झाला की दोऱ्यांची लांबी कमी होते, पॅराशूट अधिक झटपट वळते आणि त्या वळणात उंची भराभर खर्च होते. एखादा वजनदार गडी १९० वर १.१३ घेऊन फिरत असेल तर त्याला जितका वेळ मिळतो, तितका हलक्या व्यक्तीला १३५ वर मिळत नाही. त्यामुळे 'वजन कमी, म्हणून छोटे पॅराशूट चालेल' हा विक्रेत्याचा तर्क अर्धाच खरा आहे.

शिवाय आपण मुंबईकर वर्षातून किती वेळा उडी मारणार? आपल्या डोक्यावरचे आकाश प्रवासी विमानांनी गजबजलेले असते आणि जवळपास नियमित चालणारे केंद्र नाही. अ‍ॅम्बी व्हॅलीत काही काळ टँडम उड्या होत असत, पण शिकणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही. 'अ' परवानाधारकाने ६० दिवस उडी मारली नसेल तर पुन्हा प्रशिक्षकासोबत उजळणी करावी, अशी युएसपीएची शिफारस आहे. आपल्यापैकी बहुतेकांची प्रत्येक फेरी या उजळणीपासूनच सुरू होते. सराव तुटक असेल तर पॅराशूट मोठेच हवे.

सेवानिवृत्त_पॅरा

चर्चा वाचून आग्र्याचे दिवस आठवले. तिथल्या पॅराट्रूपर प्रशिक्षण शाळेत पंखांचे चिन्ह मिळवण्यासाठी पाच उड्या माराव्या लागतात. महेंद्रसिंग धोनीने २०१५ मध्ये एएन-३२ विमानातून त्याच पाच पूर्ण केल्या होत्या. मात्र त्या उड्या आणि हा खेळ यांत मोठा फरक आहे. आमच्या वेळी साडेबाराशे फुटांवरून बाहेर पडायचे, छत्री विमानाला जोडलेल्या पट्टीने आपोआप उघडायची, आणि ती गोल छत्री तुम्हाला वारा नेईल तिथे नेऊन आपटायची. दिशा देण्याची सोय नाममात्र. म्हणून दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची बाजू या क्रमाने जमिनीवर लोळण घेण्याचे शिक्षण आम्हाला रोज मिळायचे. आजची आयताकृती, पंखासारखी छत्री डोमिना जाल्बर्टने १९६४ च्या सुमारास शोधली आणि सगळा खेळ बदलला.

मुलीला माझा सल्ला असा की, छत्री कितीही आधुनिक असली तरी ती लोळण घोटून घ्यावी. पाय फाकवून उभे राहण्याच्या हट्टापायी घोटे जातात. आणि 'आपला संच म्हणजे अधिक विश्वासाचा' ही समजूत मला पटत नाही. आम्ही आमची छत्री कधीच भरली नाही, घडी घालणारे लोक वेगळे होते आणि त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवूनच दारात उभे राहायचे.

पाखरू_मुलुंड

काका, मनःपूर्वक आभार. लोळण घेण्याचा सराव इथे, जमिनीवर करता येईल का?

सेवानिवृत्त_पॅरा

अवश्य. जाड चटई अंथरून दीड-दोन फुटांच्या ओट्यावरून सुरुवात करा, आणि कोणीतरी जाणता समोर उभा असू द्या. व्हिडिओ पाहून एकटीने करू नका.

रिगर_फिनिक्स

मी मूळचा गिरगावचा, सध्या अ‍ॅरिझोनात पॅराशूट तपासणे आणि घडी घालणे हेच माझे काम. वर्णनावरूनच काही गोष्टी सांगता येतात.

प्रथम एएडी. सायप्रेस २ च्या २०१२ मधील यंत्रांचे आयुष्य साडेबारा वर्षांचे होते, त्यामुळे ते संपलेले आहे. (२०१६ पासूनच्या यंत्रांना साडेपंधरा वर्षे मिळतात, ती सवलत याला लागू नाही.) म्हणजे किमतीतून एएडी वजा करा आणि नव्याची किंमत मिळवा. 'पाव किंमत' तिथेच बरीच वर सरकेल.

दुसरे, हार्नेस. खांद्यापासून कमरेपर्यंत येणाऱ्या मुख्य पट्ट्याची लांबी माणसाच्या धडावर ठरते. पाच फूट अकरा इंचाचा हार्नेस पाच फूट दोन इंचाच्या अंगावर म्हणजे थोरल्या भावाचा गणवेश धाकटीला चढवल्यासारखे होईल, फक्त इथे नुसते बेढब दिसण्यावर भागत नाही. पॅराशूट उघडताच छातीचा पट्टा हनुवटीशी येतो, मुठी नेहमीच्या जागेवरून सरकतात आणि कमरेखालचा भाग सैल राहतो. हार्नेस कापून लहान करता येतो, पण ते काम अमेरिकेत मास्टर रिगर (वरच्या दर्जाचा परवानाधारक पॅराशूट तपासनीस) किंवा मूळ कारखानाच करू शकतो, आणि त्याचा खर्च पुन्हा वेगळा.

तिसरा मुद्दा कोणी काढलेला नाही. 'कंटेनर ठेवून आत मोठे पॅराशूट घालू' असा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. १३५ साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १७० कोंबले की बंद करणारा लूप ताणला जातो, पिन जाम होऊ शकते आणि पायलट च्यूट बाहेर पडूनही पिशवी सुटत नाही. कंटेनर, मुख्य आणि राखीव हे तिघे एकमेकांच्या मापाचेच लागतात.

पुढे कधीही जुना संच पाहाल तेव्हा हे विचारा: राखीव पॅराशूट कोणत्या वर्षाचे आहे आणि ते किती वेळा वापरले गेले, मुख्य पॅराशूटच्या दोऱ्या किती उड्यांपूर्वी बदलल्या, कापड हवा आरपार न जाऊ देणारे शून्य-सच्छिद्र आहे की थोडी हवा जाऊ देणारे जुने एफ-१११, पट्ट्यांवर उन्हाने रंग उडाल्याच्या खुणा आहेत का, आणि शेवटची तपासणी कोणी केली. अमेरिकेत राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी उघडून, तपासून, पुन्हा भरून शिक्कामोर्तब करावे लागते. विक्रेता उत्तरे टाळू लागला तर चहा पिऊन निघा.

गिरणगावकर

म्हणजे संच स्वस्त, फक्त त्यातले यंत्र, पट्टे आणि पॅराशूट बदलायचे. आमच्या चाळीत एकाने असाच सेकंडहँड फ्रिज घेतला होता.

कामशेतचा_वारा

मी बरीच वर्षे कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. मला वाटते की, या ताईंनी आधी आमच्याकडे येऊन छत्री जमिनीवर हाताळायला शिकावी. वारा ओळखणे, वाऱ्याकडे तोंड करून उतरणे, योग्य क्षणी ब्रेक ओढणे हे सगळे इथे अत्यंत कमी खर्चात शिकता येते. मुंबईहून एक्स्प्रेसने लोणावळा, तिथून पुढे जेमतेम काही मैल.

ठाण्याची_घार

वारा समजण्यासाठी नक्की उपयोग होईल, उंचीचा अंदाज मात्र तिथून उचलून इथे आणू नये. तुमची छत्री दहा मीटर पुढे जाते तेव्हा एक मीटर खाली येते, आमची जेमतेम अडीच-तीन मीटर जाते. तुम्ही 'अजून बरेच तरंगता येईल' म्हणाल तिथे आम्ही उतरलेले असतो. शिवाय तुमची छत्री टेकडीवर पसरून उघडते. आमची ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगात उघडते, म्हणून दोऱ्यांवर स्लायडर नावाचे चौकोनी कापड असते आणि ते खाली सरकत येईपर्यंत पॅराशूटला एकदम फुगू देत नाही. ब्रेक ओढण्याची जागाही वेगळी बसते, कारण वेग वेगळा.

कामशेतचा_वारा

स्लायडरचे माहीत नव्हते. तरी मोकळ्या मैदानात तासभर छत्रीशी झुंजल्याने नुकसान काहीच नाही, यावर मी ठाम आहे.

नभोवासी

त्यापेक्षा हैदराबादला जा. तिथे आता वाऱ्याचा उभा बोगदा झाला आहे आणि हवेत स्थिर राहणे तिथे झटपट जमते. एएफएफच्या पातळ्या लोक नापास होतात त्या बहुधा शरीराची कमान न टिकल्याने, आणि पातळी पुन्हा द्यायची म्हणजे पुन्हा पैसे. बोगद्यातले दहा-पंधरा मिनिटांचे पैसे तिथे वसूल होतात.

पार्लेकर_मास्तर

बोगद्यात पॅराशूट उघडत नाही, हे मात्र ध्यानात असावे. घारताईंनी पहिल्याच प्रतिसादात म्हटले तसे, धोका ज्या टप्प्यात आहे तो टप्पा बोगद्यात नाही.

विमाभोक्ता

साहित्याइतकाच कागदाचाही विचार करावा. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने आरोग्य विम्यासाठी प्रमाणित केलेल्या अपवादांत नववा अपवाद साहसी खेळांचा आहे आणि त्यात पॅरा-जंपिंग व स्कायडायव्हिंग यांची नावे स्पष्ट आहेत. मात्र मूळ शब्दरचनेत तो 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्याला लागू होतो. हौशी माणसाला दावा करण्यास जागा उरते, तरी पॉलिसीतील मूळ मजकूर स्वतः वाचावा. प्रवास विमा, वैयक्तिक अपघात विमा आणि आयुर्विमा यांच्या अटी वेगळ्या असतात. प्रस्तावाच्या अर्जात धोकादायक छंदांचा रकाना असेल तर खरे लिहावे. लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारणे कंपनीला सर्वांत सोपे जाते.

गिरणगावकर

आईला कोणत्या रकान्यात कळवायचे, तेही सांगा.

पाखरू_मुलुंड

आईला टँडमच्या वेळी उतरल्यानंतर कळवले होते. या वेळी आधी सांगणार आहे. तिने विचारले तर काय उत्तर द्यावे? धोका नेमका किती?

रिगर_फिनिक्स

अमेरिकेपुरते सांगतो. २०२३ मध्ये इथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. सत्तरच्या दशकात उड्या याहून कितीतरी कमी होत, आणि तरीही काही वर्षी मृतांचा आकडा पन्नाशी ओलांडत असे. साहित्य सुधारल्याचा हा परिणाम आहे: बिल बूथ यांची मुख्य पॅराशूट झटकन सोडवणारी तिहेरी कडी, ते सोडताच राखीव पॅराशूट आपोआप ओढणारी आरएसएल पट्टी, आणि १९९१ पासून सायप्रेस. एएडीचे प्रौढांसाठीचे यंत्र साधारण ७५० फुटांवर, वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटरहून अधिक असेल तर, राखीव पॅराशूटचा लूप कापते. त्या उंचीवर जमीन चार सेकंदांवर असते. म्हणून यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहणे चूक. 'अ' परवानाधारकाने ३,००० फुटांच्या आत येण्याआधी मुख्य पॅराशूट उघडलेच पाहिजे. बिघाड दिसला तर ते सोडायचे की नाही, हा निर्णय २,५०० पर्यंत झाला पाहिजे.

विमाभोक्ता

दहा हा मृत्यूंचा आकडा आहे. मोडलेले घोटे आणि मणके त्यात धरलेले नाहीत. आईसमोर तेही मांडावे, असे वाटते.

ठाण्याची_घार

+१. आणि घोट्यांचा हिशेब थेट पॅराशूटच्या आकाराशी जाऊन भिडतो.

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

विषयाला धरून एक शंका. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्येच नऊवारी नेसून उडी मारली होती. मग जंपसूटवर पैसे कशाला घालवायचे?

ठाण्याची_घार

शीतलताईंनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि नऊवारी नेसल्या तोपर्यंत त्यांच्या गाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता. सैल कापड वाऱ्यात फडफडते, मुठींवर येऊन बसते, नको त्या जागी अडकते. नवशिकीने केंद्राचा जंपसूट घालावा. हलक्या वजनाच्या व्यक्तीला घट्ट सूट बरा पडतो, कारण ढगळ सुटात ती इतरांपेक्षा सावकाश पडते आणि जोडीदार खाली निघून जातात.

याच ओघात कॅमेऱ्याचेही सांगते. हेल्मेटवर कॅमेरा लावायचा तर २०० उड्या पूर्ण झालेल्या असाव्यात, अशी शिफारस आहे. दोरी त्यात अडकू शकते. त्याहून वाईट म्हणजे लक्ष त्याच्याकडे जाते. प्रशिक्षकाकडे कॅमेरा असतोच.

भाईंदरचे_मीठ

मी अधूनमधून उड्या मारतो आणि माझा संच भाईंदरच्या घरात असतो. मुंबईत संच घेणाऱ्याने इथल्या हवेचा विचार करावा, म्हणून लिहितो.

चार महिने पावसाळा, वर्षभर दमट आणि खारी हवा. स्टेनलेस नसलेले लोखंडी भाग गंजतात. नायलॉनला उन्हाचे वावडे असल्यामुळे संच बाल्कनीत किंवा खिडकीपाशी ठेवून चालत नाही, आणि बंद कपाटात बुरशी येते. सिलिकाच्या पुड्या टाकून हवेशीर जागी पिशवीत ठेवावा. दोऱ्या गुंडाळण्याचे रबर उष्णतेने चिवटपणा गमावतात, ते प्रत्येक हंगामाआधी बदलतो. तिहेरी कडीच्या पट्ट्या उघडून, हाताने वाकवून, तिच्यातून जाणारी पिवळी तार पुसून पुन्हा लावायची असते, आणि उडी मारलेली नसली तरी महिन्यातून एकदा हे करावे असे उत्पादक सांगतात. आपल्याकडे सोसायटीच्या सभेलाही माणूस महिन्यातून एकदा जात नाही, तिथे हे कोण करणार?

राखीव पॅराशूट भरून देणारा पात्र माणूस मुंबईत सहज सापडत नाही, त्यामुळे परदेशी केंद्रावर पोचताच पहिला दिवस त्यातच जातो. विमान प्रवासाचेही तसेच. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या केबिनमध्ये सात किलोच नेऊ देतात, संच त्याहून जड. मुंबई विमानतळाच्या टी-२ वर तपासणी करणाऱ्या जवानांना एएडीचे एक्स-रे चित्र असलेले कार्ड दाखवावे. यंत्र काय आहे हे तरीही शांतपणे समजावून सांगावे लागते, म्हणून तासभर आधी पोचावे.

नभोवासी

@भाईंदरचे_मीठ, उत्तम प्रतिसाद. तुम्ही भाड्याच्या बाजूने साक्ष दिलीत, हे मात्र नोंदवून ठेवतो.

भाईंदरचे_मीठ

मी कोणाच्याच बाजूने नाही. संच घेतल्यावर पाठीमागे येणारी कामे सांगितली. वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्याला ती परवडतात, एकदा जाणाऱ्याला नाही.

पाखरू_मुलुंड

सर्वांचे आभार. काल विक्रेत्या गृहस्थांना भेटून रिगर_फिनिक्स यांचे प्रश्न विचारले. त्यांनी सगळी उत्तरे सरळ दिली: एएडीची मुदत संपल्याचे त्यांना ठाऊक होते, दोऱ्या मूळच्याच आहेत, राखीव पॅराशूट एकदाही वापरलेले नाही. आता ते म्हणतात, मुख्य पॅराशूट नको असेल तर कंटेनर आणि राखीव तेवढे घ्या, आणखी कमी किमतीत. राखीव पॅराशूट कोरे असेल तर हा व्यवहार कसा वाटतो?

पार्लेकर_मास्तर

१.२१. वर लिहिले आहे.

रिगर_फिनिक्स

कोरे असले तरी ते १२६ चेच आहे. राखीव पॅराशूट कोणत्या परिस्थितीत उघडते, ते पाहा: उंची कमी उरलेली, मन विचलित, उतरण्याची नेहमीची जागा हुकलेली, कदाचित शेतात किंवा रस्त्यालगत उतरायचे. म्हणजे सर्वांत कठीण उतरणे तुम्ही आयुष्यात कधी न हाताळलेल्या आणि सर्वांत छोट्या पॅराशूटवर करणार. ते मुख्य पॅराशूटइतकेच निगुतीने निवडावे. तुमच्या वजनाला १६० च्या आसपासचे घ्या. आणि कंटेनर १३५-१२६ च्या मापाचा असल्याने दोन्ही अडचणी तशाच राहतात.

ठाण्याची_घार

'अ' परवाना होईपर्यंत केंद्राचा संच वापरा. त्यानंतर १९० आणि १७० अशी दोन मापे भाड्याने घेऊन, शांत वाऱ्यात आणि खऱ्या वाऱ्यात, दोन्ही वेळा उतरून बघा. विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरील वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैलांची असते आणि समुद्राजवळच्या केंद्रांवर दुपारी ती सहज गाठली जाते. हलक्या व्यक्तीला फार मोठे पॅराशूट अशा वेळी मागे ढकलते, हीही बाजू आहे, म्हणून २३० वर कायमचे बसून राहा असे मी म्हणत नाही. कुठले माप हाताला बसते ते प्रशिक्षक पाहून सांगेल. मग त्या मापाचा कंटेनर, आपल्या अंगाचा हार्नेस, असा जुना संच शोधा. तोपर्यंत नभोवासी यांचा सल्लाही लागू होईल.

नभोवासी

शेवटच्या वाक्याबद्दल आभार. माझे म्हणणे तेवढेच होते.

पाखरू_मुलुंड

ठरले. अल्टिमीटर आणि हेल्मेट घेते, डिसेंबरात केंद्राचाच संच वापरते, आणि त्याआधी एक शनिवार-रविवार हैदराबादला जाऊन येते. लोळणीच्या सरावासाठी काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. विक्रेत्यांना नकार कळवते.

नभोवासी

थोडे थांबा. त्यांची उंची पाच फूट अकरा म्हणालात ना? माझीही तेवढीच आहे, आणि मी सध्या १५० वरून १३५ वर उतरण्याच्या बेतात आहे. शक्य असल्यास त्यांचा संपर्क व्यनि कराल का?

गिरणगावकर

वाचक मंडळी, पहिल्या पानापासून 'वापरलेला संच घ्या' असे कोण म्हणत होते, ते पुन्हा वाचून यावे.

रिगर_फिनिक्स

@नभोवासी, घ्या खुशाल, पण एएडी नवे बसवल्याशिवाय आणि दोऱ्या बदलल्याशिवाय विमानात चढू नका. हार्नेसचे माप नुसत्या उंचीवरून धरू नका, धडाची लांबी मोजून पाठवा. मी पाहून सांगतो.

पाखरू_मुलुंड

@नभोवासी, व्यनि केला आहे. त्यांनी रविवारी सकाळी अकरानंतर फोन करायला सांगितले आहे.